गारगोटीची किंमत

"सर, ह्याचे किती येतील?"

एका विद्यार्थ्यानें हातांतला दगड पुढें करून मला हा प्रश्न केला. दगडाची एक बाजू वाटाण्याएवढ्या पांढऱ्या स्फटिकांनीं भरलेली होती. त्याच्या शेतांत नवी विहीर खणतांना निघालेल्या ढिगांतून त्यानें तो उचलला होता, आणि वडिलांनीं सांगितलें होतें कीं, कोणी घेत असेल तर वीक, नाहीं तर बांधावर टाकून दे. मुलाच्या प्रश्नांत वावगें कांहींच नव्हतें. अशा दगडांना परदेशांत चांगले पैसे येतात, हें आतां सर्वांच्या कानीं गेलें आहे. तथापि दगडाची किंमत आणि दगडाचें मोल ह्या दोन गोष्टी एक नव्हेत, आणि त्यांची गल्लत झाल्यानें आपलें फार नुकसान होतें, असें माझें मत आहे.

प्रथम किंमतीचें पाहूं. आपल्या दख्खनचा काळा पाषाण म्हणजे सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीं वाहून आलेला व थिजलेला लाव्हारस होय. थिजतांना वायूचे बुडबुडे आंत अडकून पोकळ्या राहिल्या, आणि पुढें पाझरणाऱ्या पाण्यांतील द्रव्यांनीं त्या पोकळ्यांत स्टिल्बाइट, ॲपोफिलाइट, गारा इत्यादि स्फटिक घडविले. पुणें, नाशिक, जळगांव ह्या बाजूंचे असे स्फटिक जगांतील मोठमोठ्या संग्रहालयांत मांडलेले आहेत. कॅव्हनसाइट नांवाचें निळेंभोर खनिज प्रथम अमेरिकेंतील ऑरेगन प्रांतांत सांपडलें. परंतु त्याचे उत्तम गुच्छ पहावयाचे तर ते पुण्याजवळच्या वाघोलीचेच. अशा दगडाची किंमत ठरते ती रंगावरून, टोकें अभंग आहेत कीं टिचलीं आहेत ह्यावरून, आणि घेणाऱ्याच्या हौसेवरून. खाण बंद पडली कीं भाव चढतो, नवी पोकळी फुटली कीं उतरतो. दगड मात्र होता तोच असतो!

व्यापाराला नांवें ठेवण्याचा माझा हेतु नाहीं. खडी फोडण्याच्या यंत्रांत जाणारा स्फटिक मजुरानें बाजूला काढला व त्याचे त्याला चार पैसे मिळाले, तर दगडही वांचला आणि मजुराची चूलही पेटली. पण जीवाश्मांची गोष्ट निराळी आहे. एका जातीचे स्फटिक अनेक पोकळ्यांत सांपडतात. एखाद्या प्राण्याचा सांगाडा मात्र कित्येकदां एकुलता एक असतो. १९९७ सालीं अमेरिकेंत टिरॅनोसॉरस प्राण्याचा एक सांगाडा सुमारें ८३ लक्ष ६० हजार डॉलरांस विकला गेला. २०२० सालीं त्याच जातीच्या दुसऱ्याला ३ कोटी १८ लक्ष डॉलर पडले. पहिला शिकागोच्या संग्रहालयानें घेतला. पण असे भाव पुकारले जाऊं लागल्यावर सामान्य संग्रहालयांनीं काय करावें?

उलट, ज्या जीवाश्मांनीं आपल्याच भूमीचें ज्ञान वाढविलें, ते बाजारांत कोणी फुकटही उचलले नसते. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी १८४५ सालीं नागपुरास आले. शाळा चालवावी, लोकांत हिंडावें, आणि हिंडतांना पायांखालचा खडकही पहावा, असा त्यांचा क्रम. ते व त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर ह्यांना नागपूरजवळ टाकळी येथें काळ्या खडकाच्या दोन थरांच्या मध्यें गोड्या पाण्यांतील गोगलगायींचे शंख सांपडले. शंख लहान, ओबडधोबड. कोणी दिवाणखान्यांत मांडणार नाहीं असे. पण त्यांचें सांगणें केवढें होतें! लाव्हारस एकदम येऊन गेला नाहीं. दोन लोटांच्या मध्यें तळीं सांचावींत, त्यांत जीव नांदावेत आणि मरावेत, एवढा काळ शांततेंत गेला. आतां कल्पना करा कीं, हाच शंख कोणी "कोठला तें आठवत नाहीं" म्हणून आणून दिला असता. तो शंखच राहिला असता, साक्षीदार राहिला नसता. हिस्लॉपसाहेब १८६३ सालीं टाकळघाट येथील प्राचीन शिलावर्तुळें पाहून परततांना ओढ्याच्या पुरांत बुडाले. त्यांनीं जमविलेल्या दगडांची साक्ष मात्र टिकली, कारण त्यांचें ठिकाण लिहिलेलें होतें.

जबलपूरच्या हाडांचीही अशीच कथा. १८२८ सालीं कॅप्टन स्लीमन ह्यांना तेथें मिळालेल्या हाडांवरून १८७७ सालीं लायडेकर ह्यांनीं टायटॅनोसॉरस हें नांव ठेविलें. पुढें हीं हाडें कोठें गेलीं तें कळेना. शेवटीं २०१२ च्या सुमारास त्यांचा कलकत्त्यास पत्ता लागला. त्यांचें वर्णन छापलेलें नसतें, तर समोर असूनही तीं कोणीं ओळखलीं असतीं?

मी स्वतः विद्यार्थी असतांना दोन वर्षें जमविलेले दगड एकाच पिशवींत भरून ठेविले होते. चिठ्ठी एकावरही नव्हती. आज ते माझ्या टेबलावर कागद दाबून धरण्याचें काम इमानानें करितात. दुसऱ्या कामाचे उरले नाहींत. म्हणून त्या मुलाला भाव सांगण्याऐवजीं मीं विचारलें, "किती हातांवर निघाला? वर काय होतें, खालीं काय होतें?" त्याला सांगतां येईना. सोमवारीं तो विहीर खणणाऱ्यांना विचारून आला: तीस हातांवर, काळ्या खडकाखालीं तांबड्या मातीचा थर लागला, आणि त्याच्या खालच्या खडकांत हा निघाला. तांबडा थर म्हणजे जुन्या लाव्ह्याचा माथा ऊनपावसांत झिजून झालेली माती. टाकळीच्या शंखांप्रमाणें तीही मधल्या शांततेची खूण. मुलानें हें सारें एका चिठ्ठीवर लिहून, दगडास क्रमांक घालून, दोन्ही एका डब्यांत ठेविलीं.

पुढें त्याचे वडील शाळेंत आले. दगडाचा भाव त्यांनीं विचारला नाहीं. ते म्हणाले, "गुरुजी, हा तांबडा थर शेजारच्या विहिरींतही त्याच खोलीवर लागतो काय? आणि पाणी कोठवर लागेल, तें ह्यावरून कळेल काय?"

मीं म्हटलें, "एका चिठ्ठीवरून नाहीं कळणार. गांवांतल्या सगळ्या विहिरींच्या अशा चिठ्ठ्या कराव्या लागतील."

मुलगा सध्यां त्याच खटपटींत आहे. तीन विहिरी झाल्या.