खेळांतील पाठभेद

गेल्या दिवाळींत साताऱ्याहून सांगलीस चिरंजीवांकडे गेलों होतों. पडद्यावर एक अजस्र वानर पिंपें लोटीत होता व एक सुतार त्यांवरून उड्या मारीत होता. नातू खेळण्यांत दंग! हा 'डाँकी काँग', जपानच्या निंटेंडो कंपनीचा १९८१ सालचा, नाणें टाकून खेळावयाचा खेळ. 'हॅम्स्टर' नामक जपानी कंपनी २०१४ पासून असे जुने खेळ मुळाबरहुकूम पुनः प्रसिद्ध करीत आहे. हा २०१८ सालीं निघाला. त्यांत आरंभीची जपानी, नंतरची जपानी व परदेशी अशा तिन्ही आवृत्त्या आहेत. पुढें सुधारलेली चूकहि पहिल्या आवृत्तींत तशीच राखली आहे. वाचकहो, भांडारकर संस्थेनें १९६६ सालीं पुरी केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ति व तींतील पाठभेद मला आठवले.

"अण्णा, असल्याच खेळांपायीं तुम्हीं मला कान धरून घरीं आणलें होतें," चिरंजीव हंसून म्हणाले. मी ओशाळलों. अभ्यास बुडवूं नये, हें माझें म्हणणें आजहि खरें. परंतु खेळ डोळ्यांनीं न पाहतांच तो टाकाऊ ठरविला, हें शिक्षकास शोभलें नाहीं.

नातवानें खेळाची कळ माझ्या हातीं दिली. पहिल्याच पिंपानें मी चीत! "आजोबा, पुन्हां एकदां!" तो म्हणाला, आणि मी सरसावून बसलों.