तीन-पंचमांश माणूस

१७८७ साली फिलाडेल्फिया येथे भरलेल्या संविधान परिषदेचे गोडवे अमेरिकेत पिढ्यान्‌पिढ्या गायिले जातात. तडजोडीची थोर परंपरा तेथे जन्मली, असे सांगितले जाते. आमचा प्रश्न साधा आहे : ही तडजोड कोणाकोणात झाली आणि तिची किंमत कोणी मोजली?

परिषदेस ५५ प्रतिनिधी हजर राहिले. त्यांत एकही स्त्री नव्हती, एकही कृष्णवर्णीय नव्हता. गुलामांचे मालक मात्र अनेक होते. प्रतिनिधित्व ठरविताना त्यांनी पाच गुलाम म्हणजे तीन माणसे असा हिशेब मांडला. मत गुलामाला नाही. त्याच्या डोक्यावर वाढीव जागा मात्र मालकांच्या राज्याला! गुलामांच्या आयातीस १८०८ पर्यंत अभय मिळाले. पळालेल्यास मालकाच्या स्वाधीन करण्याचे कलमही आले. एवढे करून 'गुलाम' हा शब्द त्यांनी संविधानात येऊ दिला नाही.

आम्ही वैद्यकीय व्यवसायातले. केसपेपरवर रोगाचे नाव न लिहिल्याने रोग हटत नाही, हे आम्ही जाणतो. तो चिघळला. १८६१ ते १८६५ च्या यादवीत सहा लाखांहून अधिक सैनिक मेले, तेव्हा कोठे तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरीवर बंदी आली.

'त्याविना संघराज्यच झाले नसते,' असे आम्हांस ऐकविले जाते. असेलही! पण ज्यांच्या मानेवर ते उभे राहिले, त्यांना कोणी विचारले होते?

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकी जनतेस. या तडजोडीस नव्हे. आमचे वंदनही त्यांनाच.