ताडपत्री घेताना पाऊस नव्हे, ऊन मोजा

"ताडपत्री हा काय लेखाचा विषय झाला?" असं म्हणून पान उलटू नका. व्हायव्हाला नाही आला तरी हा प्रश्न आपल्याच सिलॅबसमधला आहे.

इंग्लंडमध्ये सुट्टीत घरासारखी गाडी, म्हणजे कॅराव्हॅन, घेऊन जाणारी बरीच मंडळी आहेत. तिच्या दाराशी लावायच्या कापडी मांडवाला ऑनिंग म्हणतात. चार दिवसांचा मुक्काम असेल तर हलकं ऑनिंग चालतं. गाडी हंगामभर एकाच जागी उभी राहणार असेल, तर जाड कापडाचं आणि भक्कम सांगाड्याचं वेगळं ऑनिंग मिळतं. म्हणजे निवडीचा पहिला प्रश्न असा, की हे किती महिने ताणलेलं राहणार?

हौसेच्या मुक्कामासाठी एवढा विचार होतो. आपल्याकडे पोटासाठी हंगामभर मुक्काम पडतो, तिथे होतो का? बीड, जालना, अहिल्यानगर भागातली ऊसतोड कुटुंबं ऑक्टोबर-नोव्हेंबरात घर सोडतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत कोपीत राहतात. बांबू, चटई, पाचट आणि वरून ताडपत्री नाहीतर साधा प्लॅस्टिकचा कागद, झालं घर! पोरंबाळं, धान्य, अंथरूण सगळं त्याखाली. आणि हे छप्पर बहुतेक वेळा 'सगळ्यात स्वस्त कोणतं?' एवढ्याच हिशोबावर येतं.

माझं म्हणणं सरळ आहे. नवी ताडपत्री कोणतीही घ्या, पाणी अडवतेच. फेब्रुवारीतल्या अवकाळी पावसात ती अडवेल का, हे बघायला हवं. पॉलिइथिलीनचा खरा वैरी ऊन. अतिनील किरणांनी पॉलिमरच्या साखळ्या तुटतात, कापड ठिसूळ होतं आणि घडीवर तडे जातात. म्हणून यूव्ही स्टॅबिलायझर घातलेला माल मागावा. विणलेल्या एचडीपीई ताडपत्रीसाठी आयएस ७९०३ हे भारतीय मानक आहे, ते छापलंय का बघावं. नुसत्या चकचकीत निळ्या रंगावर भुलू नये.

दुसरी गोष्ट वजन. दुकानदार जीएसएम सांगेल तो सांगो, आपण काटा मागावा. १२ बाय १८ फुटी ताडपत्री म्हणजे साधारण २० चौरस मीटर. २०० जीएसएमची असेल तर ४ किलो भरली पाहिजे. २ किलोच भरली, तर ती १०० जीएसएमची आहे. हा हिशोब आठवीतला पोरगाही करेल, पण करतो कोण?

तिसरी गोष्ट वारा. त्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ७२ किलोमीटर वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला सुमारे २४ किलो वजनाइतका होतो. तो सगळा ताण शेवटी कडेच्या रिंगांवर येतो. म्हणून कडा दुमडून आत दोरी घातलेली हवी, कोपरे दुहेरी हवेत. बांबूची टोकं पोत्याने गुंडाळावीत आणि बांधताना मध्ये सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा घालावा, म्हणजे झटका तो खातो. छपराला उतार ठेवावा, कारण एका चौरस मीटरवर ५ सेंटिमीटर पाणी साचलं तरी ५० किलो भार होतो. आणि चूल ताडपत्रीपासून लांबच हवी. एचडीपीई १३० अंशांच्या आसपास वितळतं आणि पेटतंही.

कोणी म्हणेल, चांगली ताडपत्री महाग पडते. पण एका हंगामात दोनदा फाटणारी स्वस्त कशी? आणि हा खर्च उचल घेऊन आलेल्या कोयत्याच्या माथी का? ज्याच्या गाळपासाठी ही माणसं येतात त्या कारखान्यानेच ताडपत्री द्यावी, आणि करारात जीएसएम व यूव्हीची अट लिहावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

आपण काय करू शकतो? दरवर्षी तेच ते रोबो करण्यापेक्षा एका ग्रुपने चार दुकानांतल्या ताडपत्रीच्या पट्ट्या ऑक्टोबरमध्ये हॉस्टेलच्या गच्चीवर बांधाव्यात. दर महिन्याला एकेक पट्टी काढून स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्सच्या लॅबमध्ये ताणून तोडावी. एप्रिलपर्यंत ताकदीचा उतरता आलेख हातात येईल. तो मराठीत, एका पानावर छापून कोप्यांवर आणि कारखान्याच्या शेतकी ऑफिसात नेऊन द्यायचा. सरांनी मार्क किती द्यायचे ते द्यावेत, पण हे सबमिशन कपाटात धूळ खात पडणार नाही एवढं नक्की!