कुस्कोचे दगड आणि कुस्कोची भाषा

पेरू देशातील कुस्को या जुन्या इंका राजधानीत आम्ही उभयता पाच दिवस राहिलो. बडोद्यास परतल्यापासून जो भेटतो तो एकच विचारतो, "माचू पिचू पाहिलंत ना?" पाहिले, आणि ते पाहण्यासारखेच आहे. तरी आमचे स्पष्ट मत असे की, बहुतेक प्रवासी तिथे फक्त दगड पाहून परततात आणि ज्यांच्या पूर्वजांनी ते रचले त्यांची भाषा न ऐकताच निघतात.

कुस्को सुमारे ३४०० मीटर उंचीवर आहे. पहिल्या दिवशी डोके ठणकते, चार पायऱ्या चढल्या की धाप लागते. उतारूंना कोकाच्या पानांचा चहा देतात, त्याने थोडे बरे वाटते. माचू पिचू त्याहून जवळजवळ हजार मीटर खाली आहे, हे पुष्कळांना तिथे गेल्यावरच कळते.

दगडांचे कौतुक खोटे नव्हे. साक्सायवामानच्या तटात शंभर टनांहून जड शिळा आहेत. चुना नाही, माती नाही, तरी सांध्यात सुरीचे पाते शिरत नाही. कोरिकांचा या सूर्यमंदिरावर स्पॅनिशांनी मठ बांधला. १९५० च्या भूकंपात मठाची मोठी पडझड झाली, खालच्या इंका भिंती मात्र उभ्या राहिल्या. वाटाडे हे सगळे रंगवून सांगतात.

गावच्या मुख्य चौकाविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही. प्रवासी तिथे सज्जात बसून कॉफी घेतात. १७८० मध्ये दुसऱ्या तुपाक आमारूने स्पॅनिश अंमलाविरुद्ध बंड केले. १८ मे १७८१ रोजी याच चौकात त्याला आणि त्याची पत्नी मिकाएला बास्तिदास हिला देहदंड दिला गेला. त्या निकालपत्रात शिक्षा केवळ माणसांना नव्हती. इंका पोशाख बंद करावा, लोकांनी क्वेचुआ सोडून स्पॅनिश बोलावी, असेही त्यात फर्मावले होते. कुस्कोतच १५३९ मध्ये जन्मलेल्या, इंका आईच्या पोटच्या गार्सिलासोने लिहिलेल्या इंकांच्या इतिहासावरही पुढे बंदी आली.

भाषा मेली नाही. १९७५ मध्ये पेरू सरकारने क्वेचुआला राजभाषेचा दर्जा दिला, आणि २०१७ च्या जनगणनेत सुमारे ३८ लाख लोकांनी ती आपली मातृभाषा म्हणून सांगितली. सान पेद्रो बाजारात भाजीवाल्या बायका आपसात क्वेचुआ बोलतात, गिऱ्हाईक आले की स्पॅनिश. तिथे बटाट्याचे ढीग पाहून आम्ही चकित झालो: पिवळे, जांभळे, काळपट, गाठीगाठींचे. आपल्या उपवासाचा बटाटा मूळचा याच डोंगरांतला. क्वेचुआत त्याला 'पापा' म्हणतात; आपला 'बटाटा' पोर्तुगीजांकडून आला. आम्ही 'सुल्पाइकी', म्हणजे 'आभारी आहे', एवढे म्हटले तर बाई खळखळून हसली आणि दोनदा म्हणवून घेऊन आमचा उच्चार सुधारला.

ओल्यान्तायताम्बो गावात इंकांनी आखलेल्या गल्ल्यांत आजही लोक राहतात, दारापुढून पाटाचे पाणी वाहते. तिथे एका उंबऱ्यावर आजी क्वेचुआत बोलत होती आणि नातू स्पॅनिशमधून उत्तरे देत होता. असे संभाषण बडोद्यातल्या मराठी घरांत ऐकलेले नाही असे कोणत्या पालकाने म्हणावे? आपण पिढ्यानपिढ्या घरी मराठी आणि बाजारात गुजराती बोलत आलो. आपल्यावर कुणाचे फर्मान आले नव्हते, हा मोठा फरक. म्हणूनच आपल्याला सबबही कमी आहे.

कोणी म्हणेल, चार दिवसांच्या सहलीत भाषा कसली शिकता? व्याकरण शिका असे आम्ही म्हणतच नाही. पण लामा घेऊन उभ्या असलेल्या बाईबरोबर पैसे देऊन छायाचित्र काढायचे आणि तिला नमस्कारही तिच्या भाषेत करायचा नाही, हे आम्हाला पाहुण्याचे वागणे वाटत नाही.

जाणाऱ्यांनी क्वेचुआ बोलणारा वाटाड्या मुद्दाम मागून घ्यावा. माचू पिचूची तिकिटे ठराविक वेळेची आणि ठरलेल्या मार्गाची असतात, ती आधीच काढावीत. आगगाडी ओल्यान्तायताम्बोहून मिळते. पण तिथे नुसती गाडी पकडायला जाऊ नये, दोन रात्री तरी मुक्काम करावा. संध्याकाळी सहलीच्या बसगाड्या निघून गेल्या की गावकरी दारात येऊन बसतात.