पाण्यात पाहणे

मराठीत पाणी आणि माणूस एकत्र आले की बहुधा संकट उभे राहते. संसाराचा ‘भवसागर’ होतो, कर्ज ‘बुडीत’ जाते, विद्यार्थी ‘काठावर’ उत्तीर्ण होतो, अडचणीतला माणूस ‘गटांगळ्या’ खातो आणि बुडत्याचा पाय खोलातच जातो. निकाल लागेपर्यंत लोक देव पाण्यात घालून बसतात. तुकोबांच्या गाथेची आख्यायिका घेतली तरी तिथेही निकाल इंद्रायणीच देते. वह्या तरल्या, म्हणून कविता खरी ठरली. ‘तरणे’ या एका क्रियापदात आपण पोहणे, टिकणे, जीव वाचणे आणि मोक्ष पावणे एवढे सगळे कोंबले आहे. आणि ज्याचा मनापासून द्वेष करतो, त्याला आपण ‘पाण्यात पाहतो’.

अशा भाषेत वाढलेल्या माणसाने एखाद्या तलावात, कोणतीही शर्यत नसताना, अनेकांच्या सोबतीने या काठावरून त्या काठाला पोहत जावे, या कृतीला मराठीत चटकन नाव सापडत नाही. ती स्पर्धा नव्हे, तीर्थस्नान नव्हे, व्यायामही नव्हे. प्रस्तुत लेखात आमचे म्हणणे एवढेच आहे की असे बिनशर्यतीचे सामूहिक पोहणे ही शर्यतीची दुबळी आवृत्ती नाही. तो एक स्वतंत्र सार्वजनिक व्यवहार आहे, आणि आपल्याकडे तो जवळजवळ नाही याची कारणे क्रीडेपेक्षा आपल्या समाजव्यवहारात अधिक सापडतील.

उदाहरण म्हणून झुरिक शहरातील सरोवर-पार पोहण्याचा वार्षिक उपक्रम घेऊ. ऐन उन्हाळ्यात, हवामान अनुकूल असेल त्या दिवशी, हजारो नागरिक मिथेनक्वाय येथील स्नानतटावरून पाण्यात उतरतात आणि पलीकडच्या टीफेनब्रुनेनपर्यंत दीड किलोमीटर पोहत जातात. तिथे क्रमवारी लागत नाही, पहिला कोण आणि शेवटचा कोण याची नोंद होत नाही. सोबत बचावबोटी आणि जीवरक्षक असतात. हवा बिघडली तर दिवस पुढे ढकलला जातो. भाग घेणाऱ्यांत पट्टीचे पोहणारे असतात, तसे वर्षातून एकदाच एवढे अंतर कापणारेही असतात. पलीकडे पोचणे एवढेच साध्य, आणि ते सर्वांचे सारखेच.

यावर पहिला आक्षेप अपेक्षित आहे. स्पर्धाच नसेल तर एवढा खटाटोप कशासाठी? आपल्या वृत्तपत्रांत पोहण्याची बातमी येते ती विक्रमाची असते, धरमतर ते गेटवे ऑफ इंडिया हे अंतर कोणी किती तासांत आणि कोणत्या वयात कापले याची. त्या कष्टांविषयी आम्हाला आदरच आहे. साहित्याच्या इतिहासातही पोहणारा म्हणून ज्याचे नाव झाले तो बायरन याच जातीचा. ३ मे १८१० रोजी लेफ्टनंट एकनहेडसोबत त्याने हेलेस्पाँटची सामुद्रधुनी एक तास दहा मिनिटांत पार केली. पुराणकथेतला लिअँडर प्रेयसीला भेटायला जिथून पोहत जाई, ती ही जागा. बायरनला या पराक्रमाचा अभिमान आयुष्यभर राहिला, आणि ‘डॉन जुआन’ लिहितानाही त्याने तो मिरवला. कवीचे शरीर तिथे कीर्तीचे साधन झाले आहे. पाणी हा जिंकण्याचा प्रदेश, आणि दुसरा पोहणारा हा साक्षीदार किंवा प्रतिस्पर्धी.

याच्या साठ वर्षे आधी, ३० जुलै १७५० रोजी, क्लोपस्टॉक हा जर्मन कवी तरुण मित्रमैत्रिणींसह झुरिकच्या याच सरोवरात नौकाविहाराला गेला आणि त्यावर त्याने एक प्रसिद्ध ओड लिहिली. तो पोहला नाही, नावेतच होता. तरीही त्या कवितेचा विचारक्रम आमच्या विषयाला लागू पडतो. ती सृष्टीच्या सौंदर्यापासून निघते, वाटेत कीर्तीचा मोह मान्य करते, कवीला अमरत्व हवेसे वाटते हे लपवत नाही, आणि अखेरीस या सर्वांहून मैत्रीचे सुख मोठे मानते. कीर्ती नाकारायची नाही, पण तिला दुसऱ्या क्रमांकावर बसवायचे, हा तो तोल. बिनशर्यतीचे पोहणे नेमका हाच तोल शरीराने साधू पाहते, असे आम्हाला वाटते.

हे विधान केवळ ग्रंथाधारित नाही. गेल्या हिवाळ्यात आम्ही चार सहकारी सह्याद्रीतील एका जलाशयात अशाच एका छोट्या उपक्रमात सहभागी झालो. तरणतलावात तळाला काळी रेघ असते, डोळे तिच्यावर ठेवले की विचार करावा लागत नाही. जलाशयात पाणी हिरवट, आपला हात कोपरापर्यंत जेमतेम दिसतो. आठ-दहा हात मारले की डोके वर काढून समोरच्या टेकडीवरचे झाड शोधावे लागते, नाहीतर माणूस नकळत एका बाजूला वळत जातो. झाड दिसले नाही तर पुढच्याच्या कमरेला बांधलेला नारिंगी फुगा दिसतो, त्याच्यावर विसंबावे लागते. म्हणजे पुढे असलेला माणूस मागे टाकायचा नसतो, त्याच्यामुळे आपली दिशा टिकते. आमच्यापैकी एक बाई एकेचाळिसाव्या वर्षी पोहायला शिकल्या. तलावाच्या मध्यावर त्या थांबल्या, उताण्या झाल्या आणि बराच वेळ आकाशाकडे पाहत तरंगत राहिल्या. बचावाच्या होडीतल्या मुलाने हात करून विचारले, त्यांनी हात करून उत्तर दिले, आणि तो पुढे गेला. शर्यतीत हे थांबणे अपयश ठरले असते. महाविद्यालयात परतल्यावर मात्र आम्हाला विचारलेला पहिला प्रश्न होता, ‘कितवा नंबर आला?’

या प्रश्नात आमच्या शिक्षणव्यवहाराचे सार आहे. आम्ही विद्यार्थ्यांसमोर वक्तृत्व ठेवतो ते स्पर्धा म्हणून, निबंध ठेवतो तो स्पर्धा म्हणून, काव्यवाचन, एकांकिका, अगदी हस्ताक्षरसुद्धा. एखादी कविता चौघांनी मिळून वाचावी आणि कोणालाही ढाल मिळू नये, ही कल्पना वेळापत्रकात बसत नाही. ज्याला शेजारच्याचे वाचन आपल्या वाचनाला दिशा देते असा अनुभवच मिळाला नाही, तो विद्यार्थी दुसऱ्या वाचकाला पाण्यात पाहू लागला, तर दोष त्याचा एकट्याचा नाही.

तथापि एवढ्यावर थांबलो तर हा लेख फुरसतीचे गुणगान ठरेल. तलावात ‘सर्वांनी’ उतरावे असे म्हणताना मराठी लेखकाला महाड आठवलेच पाहिजे. १९२३ साली मुंबई विधिमंडळाने सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करणारा बोले ठराव संमत केला, पुढच्या वर्षी महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले. तरीही २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारो अनुयायांसह तिथे जाऊन ओंजळभर पाणी पिऊन दाखवावे लागले. त्यानंतर सत्याग्रहींवर हल्ला झाला, तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले, आणि उच्च न्यायालयाचा अनुकूल निर्णय यायला १९३७ साल उजाडले. पिण्याच्या पाण्याचा मानवी हक्क आणि हौसेचे पोहणे यांची बरोबरी करणे अशिष्टपणाचे होईल. पण ज्या विहिरीचे पाणी भरू दिले जात नव्हते, तिच्यात सूर मारण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता, हेही तितकेच खरे. पाठीला भोपळा बांधून पोहायला शिकल्याच्या रम्य आठवणी आपल्या ललित गद्यात येतात, तेव्हा ती विहीर कोणाची होती हे विचारण्याची सवय आपण विद्यार्थ्यांना लावली पाहिजे. हा प्रश्न इतिहासजमाही झालेला नाही. २०१८ साली जळगाव जिल्ह्यातील वाकडी येथे विहिरीत पोहल्याबद्दल दलित मुलांना नग्न करून मारहाण झाली.

स्त्रियांची गोष्ट वेगळी, पण तितकीच बोलकी. घाटावर धुण्याचे पिळे घेऊन बसणारी स्त्री आपल्या कथा-कादंबऱ्यांत जागोजाग आहे. पोहणारी क्वचितच. स्त्री आणि खोल पाणी यांचा संबंध सांगणारा आपला ठरलेला वाक्प्रचार ‘विहीर जवळ करणे’ हा आहे, आणि त्याचा अर्थ सर्वांना ठाऊक आहे. युरोप याबाबतीत जन्मजात उदार होता असे मात्र नव्हे. झुरिकमध्येच केवळ स्त्रियांसाठी १८८८ साली बांधलेले नदीवरचे स्नानगृह आजही उभे आहे, आणि स्विस स्त्रियांना देशपातळीवर मताधिकार मिळायला १९७१ साल उजाडावे लागले. एकाच पाण्यात सर्वांनी उतरणे तिथेही मिळवावे लागले आहे.

पाणीही मिळवावे लागते. १९६५च्या सुमारास स्वित्झर्लंडमधील जेमतेम १४ टक्के लोकसंख्येचे सांडपाणी शुद्धीकरण केंद्रांना जोडलेले होते, आज हे प्रमाण ९७ टक्क्यांच्या वर आहे. कपडे धुण्याच्या साबणचुऱ्यातील फॉस्फेटवर तिथे १९८६ साली बंदी आली. ज्या सरोवरात लोक पोहतात, त्याच सरोवरातून झुरिक आपल्या पिण्याच्या पाण्याचा मोठा भाग घेते. उलट कोल्हापूरच्या रंकाळ्याने सांडपाणी, जलपर्णी आणि शेवाळ यांचा जाच किती वर्षे सोसला, हे त्या शहराला सांगायला नको. आम्ही तलावाच्या काठावर बागा करतो, कारंजी लावतो, खाद्यपदार्थांच्या गाड्या उभ्या करतो. तलावाकडे पाठ करून बसण्याची सोय उत्तम असते. त्यात उतरायचे ठरवले की मात्र नाल्यांचा हिशेब मागावा लागतो. या अर्थाने पोहणारा नागरिक हा पाण्याचा सर्वांत चिकित्सक वाचक होय. त्याला मुखपृष्ठावर भागत नाही.

स्पर्धा नाही म्हणजे शिस्त नाही, असा अर्थ कोणी काढू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२१ या एका वर्षात जगभर सुमारे तीन लाख माणसे बुडून मरण पावली. आपल्याकडे पावसाळ्यात धरणांवर आणि नदीकाठी होणारे मृत्यू दरवर्षी वाचावे लागतात, आणि त्यांत महाविद्यालयीन मुले असतात. त्यावर आपला तोडगा एकच, ‘पोहण्यास सक्त मनाई’ असा फलक. फलक लावणे आवश्यक असेल, पण फलकाने कोणी पोहायला शिकत नाही. ठरलेला मार्ग, होड्या, जीवरक्षक, आधी घेतलेली चाचणी आणि ‘आज हवा बरी नाही, उद्या या’ असे सांगण्याचा अधिकार या गोष्टी जिथे आहेत, तिथेच पाणी खऱ्या अर्थाने खुले असते. स्पर्धेत ही व्यवस्था पराक्रमाच्या मागे झाकली जाते. बिनशर्यतीच्या पोहण्यात तीच मुख्य असते, कारण तिथे सर्वांत सावकाश पोहणारा माणूस पलीकडे पोचणे हीच कार्यक्रमाची कसोटी ठरते.

म्हणून आमची सूचना साधी आहे. जिथे पाणी स्वच्छ आहे किंवा करता येण्यासारखे आहे, अशा तलावांवर नगरपालिका आणि महाविद्यालये यांनी मिळून वर्षातून एक दिवस असा ठेवावा. आधीचे सहा महिने मुलामुलींना, आणि शिकायचे राहून गेलेल्या प्राध्यापकांनाही, पोहायला शिकवावे. नोंदवहीत नाव, वय आणि सुखरूप बाहेर आल्याची खूण एवढेच असावे. पदक, ढाल, प्रमुख पाहुणे यांपैकी काहीही नसावे. कोणाची ओंजळ कोणत्या घरातून आली हे विचारले जाऊ नये, आणि कोणी विचारलेच तर त्या दिवशी तळे सर्वांना बंद ठेवावे.

असे काही दिवस या भूमीवर रुजले, तर ‘पाण्यात पाहणे’ या वाक्प्रचाराचा कोशातला अर्थ बदलेल, असा भाबडा दावा आम्ही करत नाही. शब्द आपल्या गतीने चालतात. पण पुढच्या पिढीतल्या एखाद्या विद्यार्थ्याने वर्गात उठून, ‘सर, पाण्यात पाहण्यात वाईट ते काय?’ असे निरागसपणे विचारावे, आणि आम्हाला तो वाक्प्रचार समजावून सांगायला थोडा वेळ लागावा, एवढी इच्छा जरूर आहे.