पाठलाग कोठे सोडावा?

अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात मार्च २००१ मध्ये एका १९ वर्षांच्या तरुणाने ताशी सुमारे ८८ किलोमीटरची मर्यादा असलेल्या रस्त्यावर ११७ च्या वेगाने मोटार हाकली. मूळ गुन्हा एवढाच. पोलिसांनी इशारा करताच तो पळाला आणि सहा मिनिटांचा, सुमारे १६ किलोमीटरचा पाठलाग सुरू झाला. पहिल्या पोलिसाने बिनतारी संदेशावर मोटारीचा क्रमांक कळविला. प्रकरण केवळ वेगमर्यादेचे आहे, हे मात्र कळविले नाही. मागाहून आलेल्या दुसऱ्याने मोटारीच्या मागच्या बाजूला नेमका धक्का देऊन ती फिरवण्याच्या तंत्राची परवानगी मागितली. वरिष्ठाने ती दिली. पण वेग त्या तंत्राला झेपणारा नव्हता, म्हणून सरळ मागून धडक दिली गेली आणि तो तरुण जन्माचा पांगळा झाला. धडक देणाऱ्याला या तंत्राचे प्रशिक्षणच मिळालेले नव्हते!

२००७ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक अशा बहुमताने पोलिसाची कृती वैध ठरविली. इतर वाहनचालकांचे प्राण धोक्यात होते, हा बहुमताचा आधार. न्या. स्टीव्हन्स यांचा विरोधी सूर अधिक विचारार्ह वाटतो: क्रमांक हाती होता, अटक नंतरही करता आली असती.

आपल्याकडे चित्र याहून बिकट आहे. सप्टेंबर २०१८ मध्ये लखनौच्या गोमतीनगरात रात्री मोटार थांबली नाही म्हणून शिपायाने झाडलेल्या गोळीने चालकाचा बळी घेतला. मोटार अंगावर घातली गेली, असा शिपायाचा दावा होता. त्याला अटक झाली, बडतर्फही केले गेले. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४३ अटकेसाठी आवश्यक ते उपाय योजू देते. पण फाशी वा जन्मठेपेस पात्र गुन्ह्याचा आरोप नसलेल्याचा जीव घेण्याचा अधिकार देत नाही. जुन्या संहितेच्या कलम ४६ मध्येही तेच होते. नाक्यावर उभ्या शिपायाला हे कोणी समजावून सांगितले, हाच खरा प्रश्न.

ब्रिटनने २०२२ च्या कायद्याने पोलीस चालकाचे वर्तन सामान्य चालकाच्या नव्हे, तर तसे प्रशिक्षण घेतलेल्या सक्षम पोलीस चालकाच्या निकषावर तोलण्याची तरतूद केली. अर्थात, त्या निकषाला अर्थ येतो तो आधी प्रशिक्षण दिले असेल तरच. गाडी अडविण्याच्या कौशल्याइतकेच पाठलाग केव्हा सोडायचा आणि तो आदेश नियंत्रण कक्षातून कोणी द्यायचा, हेही त्यात शिकवावे लागेल. पोलीस हा राज्यांचा विषय असल्याची सबब दिल्लीत चालणारी नाही. येथील पोलीस थेट केंद्रीय गृह मंत्रालयाच्या अखत्यारीत आहेत. सुरुवात येथून करण्यास कोणत्याही राज्याच्या संमतीची गरज नाही.