बाळ हसते तेव्हा

झोपेतल्या बाळाच्या ओठांवर हसू उमटले की ‘सटवाई हसवते आहे’ असे आपण म्हणतो. पहिल्या महिन्यातील हे हसू खरोखरच आपल्यासाठी नसते. ती झोपेत आपोआप घडणारी हालचाल असते. समोरचा चेहरा पाहून येणारे हसू सहा ते आठ आठवड्यांनी, म्हणजे दीड महिन्याच्या लसीच्या सुमारास दिसू लागते. म्हणून त्या लसीसाठी नातवंडाला घेऊन आलेल्या आजीला मी आधी विचारतो, ‘तुमच्याकडे पाहून हसते का?’ दिवसभर बाळ मांडीवर घेणाऱ्यांचे उत्तर माझ्या पाच मिनिटांच्या तपासणीहून मोलाचे असते.

काही वर्षांपूर्वी जवळच्या गावातील एक आजी म्हणाल्या, ‘हसणे दूरच जी, तोंडाकडे पाहतच नाही.’ घरच्यांनी ‘अजून लहान आहे’ अशी त्यांची समजूत घातली होती. बॅटरीच्या उजेडात बाळाच्या दोन्ही बाहुल्या पांढुरक्या दिसल्या. जन्मजात मोतीबिंदू. त्याच दिवशी त्यांना सेवाग्रामला कस्तुरबा रुग्णालयात पाठवले, कारण अशा वेळी काही आठवड्यांचा उशीरही दृष्टीला कायमचा बाधू शकतो. शस्त्रक्रियेनंतर इवलासा चष्मा लावलेली ती नात आजीकडे पाहून हसली, ती माझ्याच दवाखान्यात.

कधी बाळाचे डोळे उत्तम असतात. हसरा चेहराच समोर नसतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात आई काही मिनिटे निर्विकार चेहऱ्याने बाळासमोर बसे. बाळ आधी तिला हसून पाही, मग निराश होऊन मान फिरवी. प्रसूतीनंतरच्या नैराश्यात आईचा चेहरा असाच कोरा होतो. ‘सुनेचे बाळाकडे लक्षच नाही,’ अशी तक्रार तुम्ही करता, तेव्हा मी ती लक्षण म्हणून ऐकतो. दोन आठवड्यांहून अधिक काळ ती उदास, रडवेली राहिली, तर तिलाही दाखवा. उपचाराने हा आजार बरा होतो. जीव नकोसा झाल्याचे ती बोलली, तर त्याच दिवशी आणा. तोवर मोबाईल बाजूला ठेवून, वीतभर अंतरावरून बाळाशी तुम्ही बोला.

बाहुली पांढरी दिसली, तर कोणत्याही वयात तत्काळ दाखवावे. तीन महिने पूर्ण होऊनही बाळ चेहरा पाहून हसत नसेल, तर पुढच्या लसीची वाट पाहू नये. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाचे महिने मात्र प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजावेत.